चांगले चार तास

"आई, हिरवी झाली. जा तू."

कस्तुरी साडेतीन वर्षांची. तिला घड्याळ कळत नव्हतं, पण आईच्या मनगटावरची पट्टी बरोबर कळायची. लाल असली की आई घरात. हिरवी झाली की आई चप्पल शोधणार.

सुमेधाच्या हातात ठोकळा होता. जिराफाची मान पूर्ण व्हायला दोनच ठोकळे कमी होते. आणि नेमकं आत्ता, पावणेचारला, डोक्यावरून कुणीतरी ओली गोधडी काढून घ्यावी तसं तिला लख्ख वाटायला लागलं होतं. दिवसभर जांभया देत, कस्तुरीच्या प्रत्येक प्रश्नाला "अं?" म्हणत काढला होता. आता कुठे डोकं चालू झालं, तर निघायची वेळ.

"दोन ठोकळे लावते आणि जाते."

"नको. मग तू पळत जातेस. बाबा लावेल."

शैलेंद्र नुकताच कॉलेजातून आला होता. ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवायचा. स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि हसत म्हणाला, "जा गं बाई. रस तिकडे दे. चिपाड रात्री आणून टाक इथे, आम्ही सांभाळतो."

हसत म्हणाला खरा. सुमेधा पण हसली. पण जालन्यातून अंबड रस्त्याला लागेपर्यंत, स्कूटरवर, ते चिपाड तिच्या डोक्यातून जाईना.

त्या पट्टीला घटिका म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी आली होती आणि बघता बघता सगळ्या मोठ्या प्रयोगशाळांत पसरली होती. त्यामागचं विज्ञान काही नवीन नव्हतं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. त्याला काटे नाहीत. एक प्रथिन तयार होत राहतं, पुरेसं साठलं की आपल्याच कारखान्याचं दार लावून घेतं, मग हळूहळू विरतं, आणि विरलं की दार पुन्हा उघडतं. एक फेरी साधारण चोवीस तासांची. झोप, भूक, ताप, चिडचिड, हुशारी, सगळं या फेरीवर वरखाली होतं. कुणी पहाटे तल्लख, कुणी संध्याकाळी. पट्टी घामातली रसायनं आणि कातडीची उष्णता बघायची, आणि सांगायची: बाई, तुझे आजचे चार चांगले तास हे.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की नऊ ते साडेपाच माणसं बसवून ठेवायची कशाला? त्यांचे तेवढे चार तास घ्या. बाकी दिवस त्यांचा. घरी जा, झोपा, पोरं सांभाळा, आमचं काही म्हणणं नाही.

अंबड रस्त्यावरच्या कोरडवाहू पीक संशोधन केंद्रात हे धोरण आलं आणि वर्षभरात चुका निम्म्यावर आल्या, शोधनिबंध दुप्पट झाले. आणि सुमेधासारख्या बायकांना परतीची वाट मिळाली. कस्तुरी झाल्यावर तीन वर्षं ती घरी होती. सतरा ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे एकच प्रश्न: लहान मूल आहे, आठ तास जमेल का? इथे तो प्रश्नच नव्हता. परतीची फेलोशिप मिळाली. हे धोरण नसतं तर ती अजून घरीच अर्ज भरत बसली असती. त्यामुळे तक्रार करायची तर कुठल्या तोंडाने?

पण चार तास म्हणजे कुठले चार तास, हे आधी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

तिचे होते चार ते आठ. कस्तुरी दुपारची झोपून उठायची, खेळायला तयार व्हायची, ते पार जेवून पेंगायला लागेपर्यंत.

सुमेधाचं काम तुरीवर होतं. तूर हे हट्टी पीक आहे. ती दिवस बघत नाही, रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली की मगच कळ्या धरते. त्यामुळे वर्षातून एकदाच येते, आणि तेव्हा पावसाने दगा दिला की गेलं वर्ष. केंद्रात एक नवा वाण होता, सत्तावीस नंबर. त्याचं घड्याळ जरा ढिलं असावं असा सुमेधाचा अंदाज होता. तसं असलं तर त्याला कधीही पेरता येईल. सिद्ध करायचं तर चाळीस झाडांची पानं लागोपाठ दहा दिवस अगदी एकाच क्षणी, उजेड लागल्या लागल्या, तोडून तपासायची होती. दहा दिवस चांगले गेले तर फेलोशिप आणखी दोन वर्षं. नाही गेले तर पुढच्या महिन्यात सामान आवरायचं.

झाडं एका बंद खोलीत होती. तिला सगळे उजेडखोली म्हणायचे. तिथला सूर्य माणसाच्या हातात. पडद्यावर वेळ टाकली की त्या वेळी दिवे उगवायचे, दहा तासांनी मावळायचे. आणि एक जुनी रीत होती. त्या खोलीत बाहेरची वेळ कुणी बोलायचंच नाही. दिवे लागले की शून्य वाजले. मग एक, दोन, तीन. झाडांना सकाळचे साडेसहा काय कळणार? म्हणून पडद्यावरही खोलीचीच वेळ दिसायची, बाहेरची नाही.

खोलीचे शून्य म्हणजे बाहेरचे सकाळचे साडेसहा. कारण ती वेळ हिवाळेकाकांची होती.

सुदाम हिवाळे केंद्रातले सगळ्यात जुने तांत्रिक सहायक. सत्तावन्न वर्षांचे, निवृत्तीला आठ महिने. त्यांची घटिका, म्हणजे त्यांचे चार तास, सकाळी सहा ते दहा. ते निघून गेल्यावर सहा तासांनी सुमेधा यायची. एकाच खोलीत, एकाच झाडांवर दोघं काम करायचे, आणि पहिल्या दिवशी ओळख झाली त्यानंतर पाच महिन्यांत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. ते पाणी घालून गेलेले, ती ओल्या मातीवर बोट टेकवायची. एवढीच भेट.

मोजणीला दीड आठवडा उरला असताना, एका रविवारी सकाळी साडेआठला, कस्तुरीला घेऊन भाजी घेताना ते तिला दिसले. सोबत बायको होती, कुसुमताई. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याची पार हजामत चालली होती.

"ही जुडी हाय का नवरीची वेणी? चार काड्या बांधल्या अन् वर सुतळी!"

हिवाळेकाकांनी ओळख करून दिली. कुसुमताईंनी सुमेधाचा हात धरला. "तुम्हीच का त्या मॅडम? हे लई नाव काढतात तुमचं. म्हणजे तोंडानं नाही काढत. तोंडानं हे काहीच काढत नाहीत. पण मला कळतं." आणि मग कस्तुरीच्या गालाला हात लावून, "हिचं नाक मात्र तुमच्यासारखं नाही बरं का. बापाला सांगा, जिंकलास."

त्या पुढे गेल्यावर सुमेधा म्हणाली, "काका, काकू किती छान बोलतात."

हिवाळेकाका पिशवीत बघत म्हणाले, "सकाळी. दहापर्यंत. मग उतरतं."

"म्हणजे?"

"विसरायचा आजार हाय, मॅडम. दोन वर्षं झाली. सकाळी एकदम पहिल्यासारखी असते. दुपारून मी कोण ते ध्यानात राहत नाही." पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "रविवार बरा जातो."

बास, एवढंच बोलले. तक्रारीचा सूरही नव्हता. पण सुमेधाने घरी येईपर्यंत हिशोब लावला होता. आठवड्याचे सहा दिवस, सहा ते दहा, बायको नवऱ्याला ओळखते आणि नवरा तुरीला पाणी घालतो.

बुधवारी ती साडेचारला उजेडखोलीत गेली तेव्हा दिवे मावळत होते. मोजणी पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सुरू होणार. झाडांचा सूर्य हलवला तर त्यांना रुळायला आठवडा लागतो, लांबचा विमानप्रवास करून आलेल्या माणसाला लागतो तसा. म्हणजे हलवायचा तर आजच. तिने फार विचार केला नाही, हे खरं सांगायला हवं. तिने खोलीचा कोड टाकला आणि उद्यापासूनची शून्याची वेळ सकाळी साडेसहावरून दुपारी साडेचारवर आणली. आता पाणीही तीच घालणार, पानंही तीच तोडणार. काकांना सकाळी यायचं कारणच उरणार नाही.

हे नोंदवहीत लिहिता येत नव्हतं. नोंदवही वर कार्यालयात वाचली जायची, आणि एकाच्या घटिकेतलं काम दुसऱ्याने परस्पर घेणं हा नियमभंग होता. दोघांचाही. काकांना आधी विचारायचं तर त्यांनी दोन्ही हात जोडून "नको मॅडम" म्हटलं असतं. म्हणून आधी करायचं, मग सांगायचं, असं तिने ठरवलं. सहाला फोन लावला.

फोन कुसुमताईंनी उचलला.

"हॅलो काकू, मी सुमेधा. काका आहेत का?"

"कोण काका?" आवाज तोच, पण घाबरलेला. "इथं एक माणूस बसलाय कधीचा. उठतच नाही. त्याला देऊ का?"

तिने फोन ठेवून दिला. मग स्वतःची समजूत घातली: काका सकाळी येतील, खोली अंधारी दिसेल, तीस वर्षांचा अनुभव आहे, कळेलच त्यांना.

त्यांना कळलं नाही.

गुरुवारी साडेचारला ती आली, आता दिवे उगवणार म्हणून दारात उभी राहिली, आणि समोर दिवे मावळायला लागले. ती चरकली. म्हणजे काल वेळ टाकली ती गेलीच नाही? दोनदा बटण दाबावं लागतं, एकदाच दाबलं की काय? घड्याळांवर पीएच.डी. केलेल्या बाईला घड्याळ लावता येऊ नये! लाजच वाटली. तिने पुन्हा वेळ टाकली, आणि या वेळी थांबायला नको म्हणून दिवे तिथल्या तिथे उगवायला लावले. काकांना फोन लावला. बंद. नंतर कळलं, संध्याकाळी घंटा वाजली की कुसुमताई घाबरतात म्हणून ते आता फोन बंदच ठेवायचे.

एक चिठ्ठी पडद्याला चिकटवली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण उद्या नीट झालं की सांगू, असं तिने म्हटलं. हुशार माणसं मूर्खपणा करतात ना, तो असाच. चांगल्या चार तासांत.

शुक्रवारी ती आली तर पुन्हा तेच, आणि त्याहून वाईट. तूर रात्री पानं मिटते. आज दिवे अजून पुरते लागलेले होते आणि अर्धी झाडं पानं मिटून उभी होती. काही अर्धवट उघडी. एका झाडाचा एक फाटा झोपलेला, दुसरा जागा. चाळीस झाडं आपापल्या मनाने चालली होती. तिने कळ्या बघितल्या. शेंड्यांना, जिथे कळ्या फुगायला हव्यात, तिथे नवी हिरवी पानं सुटत होती. कालपासून झाडांना वीस तासांचा दिवस मिळाला होता. त्यांनी फुलायचा बेत रद्द केला होता.

तिने यंत्रातली नोंद काढली. गुरुवारी सकाळी ६.३४, वेळ हाताने बदलली, सुदाम हिवाळे. शुक्रवारी सकाळी ६.३२, वेळ हाताने बदलली, सुदाम हिवाळे. तिच्या बदलांसमोर कुणाचं नाव नव्हतं, नुसता खोलीचा कोड.

शनिवारी ती सकाळी सव्वासहाला केंद्रात पोचली. डोळे उघडत नव्हते, एका गतिरोधकावर स्कूटर पाडतापाडता वाचली. उजेडखोलीचं दार उघडं होतं. हिवाळेकाका पाठमोरे, पडद्यासमोर. शुक्रवारी तिने काही बदललं नव्हतं, त्यामुळे दिवे बरोबर वेळेवर लागत होते. काका मान वर करून त्या दिव्यांकडे बघत होते, आणि मग डाव्या तळहातावर पेनने काहीतरी लिहीत होते. तळहात मनगटापर्यंत भरला होता.

"काका."

ते दचकले. हात पाठीमागे घेतला. "मॅडम? तुम्ही, सकाळच्या पारी? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. काय लिहिताय?"

"काही नाही."

"दाखवा ना."

त्यांनी हात पुढे केला नाही. कुंड्यांचा रिकामा क्रेट उलटा करून त्यावर बसले. "मॅडम, एक सांगतो, रागावू नका. मी चुकतोय. परवा आलो तर खोलीत अंधार. म्हटलं यंत्र बिघडलं, म्हणून वेळ लावली. काल आलो तर पुन्हा अंधार. म्हणजे मी लावलीच नव्हती. पण मला आठवतंय, लावली म्हणून. आज बरोबर हाय. मग काल मी काय केलं?" त्यांनी तळहात उघडला. तारखा, वेळा, 'दाबले', 'पुन्हा दाबले', 'बघितले'. "कुसुमचं असंच सुरू झालं होतं. मीठ घातलं म्हणायची, शपथ घ्यायची, अन् भाजी अळणी. सोमवारी डॉक्टरकडं नंबर लावलाय. वर कळवलं नाही. कळवलं तर घरी बसवतील. मला घरी बसायला काही नाही, पण मी पण तसाच झालो तर तिच्याकडं बघायचं कुणी?"

सुमेधा खाली फरशीवर बसली. तिला काकांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून ती कुंड्यांकडे बघत बोलली. रविवार, बुधवार, फोन, सगळं. डोकं चालत नव्हतं, वाक्यं तुटत होती, एकच गोष्ट दोनदा सांगितली गेली.

काकांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं.

"म्हणजे मी ठीक हाय?"

"तुम्ही एकदम ठीक आहात, काका. मी ठीक नाही."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला. मग खांदे हलायला लागले. सुमेधाला वाटलं रडतायत. ते हसत होते. खोकला लागेपर्यंत हसले.

"अगं कालपासून घास गेला नाही माझा! काल रात्री बायकोचं नाव, पोरांची नावं, शाळेतले पाढे, सगळं म्हणून पाहिलं. सतरापर्यंत बरोबर आले." डोळे पुसत उठले आणि कुंड्यांच्या रांगेसमोर जाऊन उभे राहिले. हसू गेलं. "आमचं ठीक. पण पोरी, ह्या तुरीचं काय करून ठेवलंस तू?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा ते तिला पोरी म्हणाले होते. त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

मोजणी गेलीच होती. झाडांना पुन्हा कळ्यांवर आणायचं तर दहा आठवडे. फेलोशिपची बैठक अडीच आठवड्यांवर.

"नोंदीत नाव माझं हाय ना?" काका निघताना म्हणाले. "राहू द्या तसंच. म्हातारा माणूस, चुकला. मला फार तर चार शब्द ऐकवतील. माझे आठ महिने उरलेत, तुमची तीस वर्षं."

"काका, काहीही काय?"

"काहीही नाही. विचार करा. आत्ता नको, डोकं जाग्यावर असताना करा."

तिने डोकं जाग्यावर असताना, दुपारी चार ते आठमध्ये, दोन आठवडे विचार केला. घरी शैलेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "खरं सांगितलंस तर जाईल ना गं हातातलं?"

"जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर काकांच्या कागदावर येईल, की डोकं चालत नाही म्हणून. तेच, ज्याला ते घाबरले होते."

शैलेंद्र उठला. कस्तुरीला अंघोळीला घेऊन गेला. दारातून मागे वळून म्हणाला, "पुन्हा सतरा अर्ज करू. अठरावा मी लिहितो, माझं इंग्रजी बरं आहे."

बैठक मंगळवारी अकराला होती. तिच्या सगळ्यात ठार वेळेला. टेबलापलीकडे संचालक डॉ. पाटोदेकर आणि नागपूरहून आलेल्या डॉ. काझी. पाटोदेकर काही वाईट नव्हते. त्यांनी फाईल उघडली आणि आधी पाणी पुढे केलं.

"वाकळे मॅडम, नोंद मी पाहिलीय. दोनदा हाताने वेळ बदललीय ती हिवाळेंनी. बाकीचे बदल नुसत्या कोडवर आहेत, ते यंत्राने आपलं आपण केलेले असावेत. वय झालंय त्यांचं, आपण समजून घेऊ. त्यांना दुसरं हलकं काम देऊ. तुमच्या फेलोशिपवर त्याचा परिणाम होऊ देणार नाही मी. दोन वर्षं द्यावीत असंच माझं मत आहे."

समोर दार उघडं होतं. नुसतं 'हो सर' म्हणायचं होतं. एवढं तर तिला अकरा वाजताही जमलं असतं.

"कोड मी टाकला होता, सर. दोन्ही वेळा."

पाटोदेकरांनी पेन खाली ठेवलं.

तिने घरून कागदावर लिहून आणलं होतं, कारण या वेळी तोंडी धड बोलता येणार नाही हे तिला माहीत होतं. पण कागदावरच्या ओळी नाचायला लागल्या, म्हणून तिने तो बाजूला ठेवला आणि जसं येईल तसं सांगितलं. काकूंच्या सकाळी. कस्तुरीच्या संध्याकाळी. तळहातावरच्या तारखा.

"मग तुमचं म्हणणं काय?" पाटोदेकर म्हणाले. "धोरण बंद करायचं? पुन्हा नऊ ते साडेपाच?"

"नाही सर. नऊ ते साडेपाच असतं तर मी इथे बसलेच नसते. पण… आपण लोकांना वीस तास मोकळे दिले असं म्हणतो. ते वीस तास घरी कोण जातं, सर? मी जाते ती अर्धी झोपलेली असते. माझ्या मुलीने पाच महिन्यांत मला धड जागी पाहिलेली नाही. रविवार सोडून."

डॉ. काझी पुढे झुकल्या. त्या म्हणाल्या, "मला सांगा, चांगले तास घरी ठेवायचे म्हटलं तर इथलं काम कधी करणार?"

"वाईट तासांत. सगळ्या कामाला चांगलं डोकं लागत नाही, मॅडम. कुंड्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, बी मोजायचं. हळू होईल."

"चुका होतील," पाटोदेकर म्हणाले.

"होतील. आत्ता झाली ती माझ्या चांगल्या तासात झाली, सर. आम्ही दोघं एकमेकांना भेटलो असतो तर झाली नसती."

डॉ. काझींना हसू आलं. त्यांनी ते पाण्याच्या ग्लासात लपवलं.

निकाल दुपारी आला. दोन वर्षं नाहीत. प्रयोग पुन्हा लावायला सहा महिने, त्यानंतर बघू. सुमेधाच्या फाईलला ताकीद. हिवाळेंच्या फाईलवर काही नाही. आणि खाली पाटोदेकरांच्या हातच्या दोन ओळी: उजेडखोलीपुरतं, सहा महिने करून बघा. आठवड्यातले दोन दिवस ज्याने त्याने आपली घटिका आपल्याकडे ठेवावी. रोज अकरा ते बारा दोघांनी हजर राहावं, पट्टी काहीही म्हणो.

सुमेधाने तो कागद दोनदा वाचला. सहा महिने. मग पुन्हा टांगती तलवार. तिला आनंद झाला की नाही हे तिलाच ठरवता येईना.

पहिला मंगळवार काकांचा होता, म्हणून सकाळी साडेसहाला ती उजेडखोलीत होती. नवी रोपं बोटभर होती. पाणी घालायचं आणि टिपण ठेवायचं, काकांना वीस मिनिटं लागायची. तिला सव्वा तास लागला. अकरा नंबरची कुंडी दोनदा भिजवली, बारा नंबरची विसरली.

अकराला हिवाळेकाका आले. आल्या आल्या त्यांनी बारा नंबरच्या मातीवर बोट टेकवलं आणि झारी उचलली.

"कशी गेली सकाळ?" सुमेधाने विचारलं.

"गेली." ते पाणी घालत राहिले. मग म्हणाले, "म्हणाली, आज सुट्टी का? म्हटलं हो. म्हणाली, रिकामा बसलायस तर पोहे कर."

"केले?"

"केले. कांदा जाड चिरला म्हणून लई बोलली."

झारी संपेपर्यंत त्यांचा चेहरा तिला दिसला नाही.

गुरुवार तिचा होता. पावणेचारला ती घरी सोफ्यावर बसली होती, डोकं लख्ख. तिने तयारी केली होती. चित्रांचं पुस्तक आणलं होतं, कागदाचे प्राणी कापून ठेवले होते, एक नवी गोष्ट मनात जुळवली होती. कस्तुरी उठली, दूध प्यायली, आईकडे बघितलं.

"तू जात नाहीस?"

"नाही. आज आपण दोघी. काय करू या? गोष्ट सांगू?"

कस्तुरीने विचार केला. खालून शेजारच्या मुलींच्या हाका आल्या. तिने चप्पल घातली, उलट्या पायात.

"तू इथं पायरीवर बस," ती म्हणाली. "मी खेळून येते."

सुमेधा पायरीवर बसली. शैलेंद्र वह्या तपासायला बाहेर आला, तिच्याकडे बघून म्हणाला, "झालं? एवढी तयारी, आणि बाईसाहेब निघून गेल्या?"

"हळू बोल," सुमेधा म्हणाली.

ती बघत होती. कस्तुरी आकडे म्हणताना सहा गाळते. आपल्यावर राज्य आलं की आधी भांडते आणि मग मुकाट्याने घेते. धाकट्या मुलीला मुद्दाम हळू पळून पकडू देते. पळताना जीभ बाहेर काढते. तिला माहीत नव्हतं यातलं काही.

दर थोड्या वेळाने कस्तुरी थांबायची, वळून पायरीकडे बघायची आणि पुन्हा पळायची. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तर खेळ सोडून पार जिन्यापर्यंत आली, आई आहे ना बघितलं, आणि परत गेली.

त्यानंतर अंधार पडून दिवे लागेपर्यंत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.